ताई, आकडे आम्ही भरले. प्रश्न तुमचे होते

ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही, ही तुमची अट मान्य. पण आभार चारचौघांत मानणार, हा माझा हट्ट आहे. तो आता चालवून घ्या.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. सांगली भागातल्या गावोगावच्या दूध संस्थांना आम्ही संकलनाचं सॉफ्टवेअर देतो. सभासदानं काट्यावर दूध ठेवलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर आणि रक्कम अशी पावती निघते, आणि दर दहा दिवसांनी बिल. हे सगळं आजवर संस्थेच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये राहायचं आणि बॅकअप सचिवांच्या खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये. ते क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर, न्यायचं ठरलं, आणि एका कंपनीचं कोटेशन आलं. त्यात एकच ओळ होती, ‘क्लाउड होस्टिंग, मासिक’, आणि पुढे आकडा. एका संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, “म्हशीला सुद्धा पेंड किती, वैरण किती, वेगळं लिहितो आम्ही. हे एवढे पैसे कशाचे?” त्यावर कंपनीचा माणूस गप्प, आम्हीही गप्प.

तुम्ही बंगळुरूहून फोनवर म्हणालात, “कोटेशन बाजूला ठेवा. अ‍ॅमेझॉनचा प्रायसिंग कॅल्क्युलेटर उघडा. त्याला लॉगिन लागत नाही, कार्ड लागत नाही.” अ‍ॅमेझॉन क्लाउडही भाड्यानं देतं आणि त्याचा खर्च या पानावर आधीच मांडून बघता येतो. आम्हाला वाटलं, तुम्ही स्क्रीन बघून भराभर भरून द्याल. तुम्ही एकही खाना भरला नाहीत. नुसते विचारत राहिलात.

पहिलं रीजन, म्हणजे सर्व्हर जिथे असतील ते ठिकाण. वर कुठलं तरी अमेरिकेतलं ठिकाण दिसत होतं. “आधी मुंबई करा, मग बाकीचं बोलू. दर ठिकाणागणिक बदलतात.” मुंबईचं रीजन 2016 पासून आहे आणि 2022 मध्ये हैदराबादचंही झालं, हे तेव्हा कळलं. मग विचारलंत, “सभासद किती?” 120 संस्था, संस्थेमागे सरासरी 250, म्हणजे 30,000. सकाळ-संध्याकाळ धरून रोज 60,000 पावत्या. “एक पावती किती बाइटची?” हे आजवर आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मोजलं तर एक केबीही होत नाही. म्हणजे रोजचे फार तर 60 एमबी, महिन्याचे दोन जीबीच्या आत. तेही आत येणारे, आणि आत येणाऱ्या डेटाला पैसे पडत नाहीत.

पैसे बाहेर जाणाऱ्याला पडतात, म्हणून तुम्ही बिलांची पीडीएफ मोजायला लावलीत. 30,000 सभासद, महिन्यात तीन बिलं, एक बिल 100 केबी धरलं तरी सगळं मिळून नऊ जीबी. दर महिन्याला पहिले 100 जीबी फुकट, त्यापुढे मुंबईतून जीबीला साधारण 0.11 डॉलर. कोटेशनवाल्या माणसानं आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती घातली होती ती ‘डेटा ट्रान्सफर’ची. तिथे आमचा आकडा शून्य आला!

मग सर्व्हर. कॅल्क्युलेटर महिना 730 तासांचा धरतो, वर्षाचे 8,760 तास भागिले बारा. पण दूध काही 730 तास येत नाही. सकाळी सहा ते आठ तोबा गर्दी, संध्याकाळी तशीच, मधे सामसूम. त्या पानावर रोजची चढउतार सांगायचा वेगळा पर्याय असतो, तो तुम्ही दाखवलात. पण लगेच म्हणालात, “तुमच्याएवढ्या कामाला दोन सर्व्हर चालू-बंद करत बसू नका. टी मालिकेतला एकच घ्या. तो निवांत वेळी क्रेडिट, म्हणजे न वापरलेली ताकद, साठवतो आणि गर्दीला खर्च करतो.” वर इशाराही दिलात की त्या मालिकेतल्या टी3 मध्ये ‘अनलिमिटेड’, म्हणजे क्रेडिट संपलं तरी जोरात चालू देणारी सोय, आपोआप चालू असते. दिवसाची सरासरी ठरलेल्या पातळीच्या वर गेली, तर जास्तीचे पैसे निमूट बिलात चढतात.

मला सगळ्यात आवडला तो यापुढचा भाग. कोटेशनमध्ये सर्व्हर आतल्या नेटवर्कमध्ये ठेवून इंटरनेटवर बाहेर जायला नॅट गेटवे नावाचं भाड्याचं दार धरलं होतं. त्याला तासाचं भाडं असतं, मग त्यातून काही जावो न जावो. मुंबईच्या दरानं महिन्याला चाळीसेक डॉलर, आणि जाणाऱ्या डेटाचे वेगळे. तुम्ही विचारलंत, “या सर्व्हरला बाहेर कशाला जायचंय?” एसएमएस पाठवायला, बस. मग सर्व्हरलाच पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, द्या, नको ते पोर्ट, म्हणजे आत यायच्या वाटा, बंद करा, डेटाबेस तेवढा आत ठेवा. फेब्रुवारी 2024 पासून त्या आयपीलाही तासाला 0.005 डॉलर पडतात, म्हणजे महिन्याचे 3.65. चाळीस कुठे आणि साडेतीन कुठे!

डेटाबेसचंही तसंच. दोन ठिकाणी जोडीनं चालणारा धरला होता, म्हणजे खर्च जवळजवळ दुप्पट. “दोन तास बंद पडला तर काय होईल?” काही नाही, काट्याजवळचं मशीन पावत्या धरून ठेवतं आणि नंतर वर पाठवतं. “मग जोडी नको. पण रोजचा बॅकअप हवाच, आणि तो परत उतरवून बघितल्याशिवाय मला सांगू नका.” हे वाक्य तुम्ही ज्या आवाजात म्हणालात, तो आवाज आमच्या ऑफिसात अजून घुमतोय.

एका ठिकाणी किंमत एकदम खाली आली आणि आम्ही खूश झालो. तुम्ही म्हणालात, “खाली काय निवडलंय ते वाचा.” तीन वर्षांचा करार निवडलेला होता. ऑन-डिमांड, म्हणजे करार न करता वापराल तेवढे पैसे, असं केल्यावर खरा आकडा दिसला. शेवटी सांगितलंत की यात कर धरलेला नसतो, 18 टक्के जीएसटी वेगळा मांडा आणि डॉलरचा भाव थोडा चढा धरा. रुपयांतच बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या अझुर क्लाउडच्या कॅल्क्युलेटरवर चलन बदलता येतं आणि त्यांचं ‘सेंट्रल इंडिया’ आपल्या पुण्यातच आहे, हेही तुम्हीच सुचवलंत. आम्ही तिथेही मांडून पाहिलं. फरक फार नव्हता, म्हणून हललो नाही.

कॅल्क्युलेटरच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबावं असं मला आजही वाटत नाही. सर्व्हर बंद ठेवला तरी डिस्कचं भाडं चालू राहतं, असल्या गोष्टी तो पुढे होऊन सांगत नाही. तिथे माणूसच लागतं. आणि तुम्ही एक पैसा न घेता, दिवसभराची नोकरी करून, मुलीचा अभ्यास घेता घेता आमच्यासाठी ते माणूस झालात.

अंदाजाची लिंक अध्यक्षांना पाठवली. त्यांनी मोबाइलवर एकेक ओळ उघडून वाचली, नॅट गेटवे का काढला ते विचारलं आणि ठरावावर सही केली.

करार एक वर्षाचा घ्यायचा की नाही, ते पहिली काही बिलं बघून ठरवा, असं तुम्ही म्हणाला होतात. दिवाळीनंतर पुष्टकाळात दूध वाढेल, पावत्या वाढतील. तेव्हाचं बिल आणि हा अंदाज शेजारी ठेवून तुम्हाला पाठवतो. त्यात काही खटकलं तर बिनधास्त कान धरा.

गावी आलात की संस्थेत चक्कर टाका. अध्यक्षांचा निरोप आहे, खरवस राखून ठेवतो म्हणतात.

आपला नम्र,
सांगलीकडचा एक सॉफ्टवेअरवाला