निसर्गशिक्षणाचे प्रशिक्षण सभागृहातून आवारात आणा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी १ ते ७ ऑक्टोबर या वन्यजीव सप्ताहात शाळांमध्ये निबंध, घोषवाक्ये आणि प्रभातफेरी ठरलेली. त्याच सुमारास कुठे कुठे शिक्षकांसाठी निसर्गशिक्षणाचे एक दिवसाचे प्रशिक्षणही उरकले जाते. वेळ अकरा ते पाच. नोंदणी, चहा, दीपप्रज्वलन आणि स्वागताची भाषणे यांतच साडेबारा वाजतात. मग पडद्यावर शेकरू, हरियाल, ताम्हण, राणी पाकोळी ही राज्यमानचिन्हे येतात आणि जेवणानंतर प्रमाणपत्रे वाटली जातात. पक्ष्यांची लगबग सकाळी सात ते नऊ असते. साडेबाराला बाहेर जाऊन दिसणार तरी काय?

हे प्रशिक्षण शाळेच्या आवारात घ्यायला वेगळी योजना किंवा वेगळा निधी लागत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात (२०२०) प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाचे आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना सांगितले आहेत. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद होतेच. या ५० तासांतले १२ तास चार सकाळींत विभागावेत: जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि मार्च. चारही वेळा शाळा तीच, आवार तेच. जुलैत सुगरणीची विणकामे आणि रानभाज्या, ऑक्टोबरात कोळ्यांची जाळी आणि नुकतेच आलेले धोबी पक्षी, जानेवारीत पाणवठ्यावरचे स्थलांतरित, मार्चमध्ये पळस-पांगाऱ्यावरची गर्दी. एकाच जागी चार ऋतू पाहिलेला शिक्षक पुढच्या वर्षी मुलांना काय दाखवायचे हे आपले आपण ठरवू शकतो. एका तुकडीत २५ पेक्षा जास्त शिक्षक नकोत आणि शेवटच्या तासाला त्याच शाळेची खरी मुले हवीत. शिक्षकांनी शिक्षकांपुढे पाठ घेण्यात फारसे काही कळत नाही. सगळेच शहाण्यासारखे वागतात.

शिक्षक बाहेर का पडत नाहीत याचे खरे कारण बहुधा कुणी बोलून दाखवत नाही. मुलाने ‘गुरुजी, हा कोणता पक्षी?’ विचारले आणि नाव आले नाही तर? ही भीती घालवायला पहिला अर्धा तास नावे घ्यायलाच बंदी करावी. प्रत्येक जोडीने एकच पक्षी निवडायचा आणि पाच गोष्टी लिहायच्या: आकार (चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा), शेपटी, जमिनीवर चालतो की उड्या मारतो, कोणत्या उंचीवर बसतो, काय खातो. मैदानावरचा धोबी घ्या. अंगाने चिमणीएवढा पण लांबट, शेपटी सतत खालीवर, आणि उड्या न मारता तुरुतुरु धावणारा. एवढे टिपले की पुस्तकात नाव दोन मिनिटांत सापडते. गावातल्या गुराख्याला विचारले तर कदाचित पुस्तकात नसलेले नावही मिळते. जैवविविधता कायद्याखाली (२००२) ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने केलेली लोकजैवविविधता नोंदवही कपाटातून बाहेर काढायचाही हाच प्रसंग.

नोंद पेन्सिलीनेच करावी. पावसात शाई पसरते आणि पानभर केलेले काम वाया जाते.

दुसरा हमखास जमणारा उपक्रम म्हणजे एक मीटर चौरसाचा. चार खुंट्या आणि साडेचार मीटर सुतळी एवढेच सामान. पाच मुलांना एक चौरस. एक झाडाच्या सावलीत, एक उन्हात, एक कुंपणापाशी. आत किती प्रकारच्या वनस्पती, किती प्रकारचे किडे, पालापाचोळा किती बोटे जाड, हे पंधरा मिनिटांत मोजायचे. बिघडते ते इथे: मुले जिथे फुले दिसतात तिथेच चौरस आखतात आणि मग तुलना फसते. त्यासाठी डोळे मिटून खडा फेकावा आणि पडेल तिथे पहिली खुंटी ठोकावी. दुसरी चूक शिक्षकांची. पाने उपटून वर्गात नेली जातात. मोजून झाले की सुतळी काढा, बाकी जिथले तिथे राहू द्या.

बिबट्याच्या भागातल्या शाळांसाठी, विशेषतः जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात, ठसे ओळखायला शिकवणे सर्वांत उपयोगाचे. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा असतात, बिबट्याच्या ठशात सहसा नसतात. बिबट्याच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. निसरड्या चिखलात बिबट्याचीही नखे उमटू शकतात, म्हणून एका ठशावरून निकाल देऊ नये, ओळीने चार-पाच ठसे पाहावेत. तरसाच्या ठशातही नखे दिसतात. हे ठाऊक नसल्याने कुत्र्याच्या पावलांवरून गावभर घबराट होते.

ठशाचा साचा घ्यायचा तर ठशाभोवती पुठ्ठ्याच्या पट्टीचे कडे करावे. एक वाटी पाण्यात दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस हळूहळू टाकावे, उलट नाही, नाहीतर गुठळ्या होतात. भज्याच्या पिठाइतके दाट झाले की कडेने ओतावे. उंचावरून ओतल्यास ठशाची कडच मोडते. अर्धा तास हात लावू नये. ओल्या मातीत आणखी थांबावे. प्लास्टरची पिशवी पावसाळाभर उघडी राहिली असेल तर ते घट्ट होतच नाही, आणि दोष मात्र प्रशिक्षकाच्या माथी.

घरट्यांबद्दल एक खुलासा, कारण ती वर्गात टांगलेली अजूनही दिसतात. पक्ष्यांची अंडी घेणे किंवा घरटी विस्कटणे हे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच येते. सुगरणीची वसाहत लांबूनच पाहावी. अर्धवट सोडलेली घरटी मोजायला लावावी: नर विणतो, मादी पाहून जाते, तिला पसंत न पडलेले तसेच लटकत राहते. मुलांना हे फार आवडते. शाळेत साप आणून खेळ दाखवणे तर पूर्ण बंद व्हावे. ते कायद्यात बसत नाही आणि मुले त्यातून साप हाताळायची हौस तेवढी शिकतात.

सुरक्षिततेवर प्रशिक्षणात किमान दीड तास द्यावा. किल्ल्यांवर आणि लेण्यांत धोका बिबट्यापेक्षा आग्या मोहोळाचा. धूर, दगड, अत्तर यांनी माश्या उठतात. तोंड-डोके झाकून थेट दूर पळावे, बंद खोलीत किंवा गाडीत शिरावे, हात झाडू नयेत. रुतलेले काटे लगेच नखाने खरवडून काढावेत. श्वास लागला किंवा डंख बरेच असले तर १०८. शाळेच्या कुंपणावरच्या मोगली एरंडाच्या बिया गोडसर लागतात म्हणून मुले खातात आणि उलट्या-जुलाब सुरू होतात. ते झाड पहिल्याच दिवशी ओळखायला शिकवावे. खाजकुयलीच्या शेंगाही तशाच दाखवाव्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी काहीही चावले तरी कापणे, चोखणे, आवळून बांधणे नको. मुलाला चालवू नये, हातपाय स्थिर ठेवून दवाखाना गाठावा. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पविषावरील प्रतिविष आहे हे निघण्याआधी फोन करून विचारावे. विजेचा गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत, झाडाखाली नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे विजेचा इशारा देणारे दामिनी ॲप शिक्षकाच्या फोनवर असावे. वन्यप्राणी अडचणीत दिसला तर वन विभागाचा क्रमांक १९२६.

हे सगळे शिकूनही शिक्षक फाटकाबाहेर जाईलच असे नाही, कारण मुख्याध्यापकांना भीती कागदाची. काही झाले तर परवानगी कुणाची? म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच एक कायमचा आदेश काढावा: शाळेपासून एक किलोमीटरपर्यंत पायी, शाळेच्या वेळेत, २० मुलांमागे एक मोठा माणूस, पालकांची वर्षातून एकदा लेखी संमती; एवढे असेल तर दर वेळी वेगळी परवानगी लागणार नाही. दुसरा मोठा माणूस शाळा व्यवस्थापन समितीतून मिळू शकतो. द्विशिक्षकी शाळेत याखेरीज इलाज नाही.

प्रशिक्षणाचा हिशेबही उपस्थितीपत्रकावरून होऊ नये. महिन्याभरात प्रशिक्षकाने किंवा केंद्रप्रमुखांनी त्या शिक्षकाचा एक बाहेरचा तास प्रत्यक्ष पाहावा आणि मुलांच्या वहीतल्या पेन्सिलीच्या नोंदी तपासाव्यात. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी येत्या जुलैपासून तालुक्यातल्या एकाच केंद्रात हे करून पाहावे.

आपले,
निसर्गशिक्षणाचे काम करणारे काही प्रशिक्षक, पुणे जिल्हा