विषय: रिस्पेरिडोन गोळ्यांच्या दुष्परिणामांची माहिती रुग्णांना मराठीतून न मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी (औषध सुरक्षा)

महोदय,

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया असून, जळगावच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने तो आपल्या कंपनीच्या रिस्पेरिडोनच्या गोळ्या घेतो. त्याला ऐकू येणारे आवाज या गोळ्यांनी कमी झाले, त्यामुळे औषधाच्या गुणाबद्दल माझी तक्रार नाही.

मात्र डोस वाढवल्यानंतर त्याला एका जागी बसवेना. ताटावरून दोन घासांत उठायचा, उभा राहिला तरी पाय आळीपाळीने उचलत राहायचा, आणि रात्री घरचे सगळे धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) झोपलेले असताना हा कडेकडेने फेऱ्या मारत असे. अशा वेळी आजार उलटला असेच घरच्यांना वाटते, आणि मग एक तर डोस वाढवून मागितला जातो, ज्याने ही तगमग आणखी वाढते, किंवा घाबरून गोळी एकाएकी बंद केली जाते आणि आजार खरोखरच उलटतो. सुदैवाने डॉक्टरांनी ही औषधामुळे होणारी अकॅथिसिया, म्हणजे स्थिर बसू न देणारी तगमग, असल्याचे ओळखले, डोस कमी केला व ती शमवण्यासाठी प्रोप्रानोलॉल हे औषध दिले.

यांपैकी एक अक्षरही आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते, कारण मेडिकलवाला पट्ट्या मोजून देतो आणि माहितीपत्रक खोक्यातच राहते. ते मागून आणले, तर भिंगाशिवाय न दिसणारे इंग्रजी. त्यात अतिउष्णतेबाबतही सावधगिरीची सूचना आहे, कारण या औषधाने शरीराची तापमान सांभाळण्याची क्षमता मंदावू शकते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि भाऊ शेतात राबतो. ही सूचना आमच्याइतकी कोणाच्या कामाची असेल? आपल्या हेल्पलाइनने ‘डॉक्टरांना विचारा’ एवढे सांगून फोन ठेवला, तक्रार क्रमांकसुद्धा दिला नाही.

तरी प्रत्येक पट्टीसोबत ठळक मराठीतील पत्रक द्यावे आणि त्यात ही तगमग, मान-जबडा आखडणे, हात थरथरणे, वजन व साखर वाढणे, पाळी चुकणे ही लक्षणे ‘गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा’ या सूचनेसह छापावीत. दुष्परिणाम कळवण्याचा सरकारी फॉर्म मराठीत मिळतो, मग कंपनीला अडचण कसली? भावाच्या त्रासाची दुष्परिणाम म्हणून रीतसर नोंद करून राष्ट्रीय औषध सुरक्षा कार्यक्रमाला कळवावे व नोंदीचा क्रमांक मला लेखी पाठवावा. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या व पट्टीवरील बॅच क्रमांकाचा फोटो सोबत जोडला आहे.

आपला,
एका रुग्णाचा भाऊ
अमळनेर, जि. जळगाव