टाके कुठे येणार, एवढं विचारा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, ‘एवढंसं भोक पाडायचं, मग कातडी अर्धगोल कशाला कापायची?’ असं तुम्ही तुमच्या मेंदूच्या ऑपरेशनबद्दल फोनवर विचारलंत. आई हसली, पण प्रश्न नेमका आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरी करते म्हणून सांगते.

डीबीएस, म्हणजे मेंदूत वायर घालून हलका विद्युतप्रवाह देण्याचा उपाय. त्यासाठी कवटीला साधारण १४ मिलिमीटरचं भोक पाडतात. त्यातून वायर मेंदूत जाते आणि ती सरकू नये म्हणून वर झाकण बसवतात. छेद सरळ घेतला तर टाके थेट त्या झाकणावर येऊ शकतात. मग जखम जराशी उसवली तरी खालचं सामान उघडं पडतं. जंतू एकदा वायरवर बसले की नुसत्या अँटिबायोटिकने जाणं कठीण. कधी कधी सगळं काढावं लागतं. म्हणून बरेच सर्जन छेद वळवून घेतात. टाके एका बाजूला राहतात, झाकणावर अखंड कातडी येते. मात्र रक्त ज्या बाजूने येतं, त्या बाजूला ती कातडी जोडलेलीच ठेवायची. डोक्याला रक्त कपाळाकडून आणि कानांच्या पुढून-मागून वर चढतं; ती वाट तुटली तर कडा काळ्या पडतात.

सरळ छेदवालेही चुकीचे नाहीत हं. त्यात रक्तवाहिन्या कमी कापल्या जातात, आणि झाकण वर येऊ नये म्हणून काही जण हाडातच खाच करतात. तुमची कातडी पातळ आहे, म्हणून मला वळवलेला छेद बरा वाटतो. पण हात ज्यांचा, निर्णय त्यांचा. तुम्ही फक्त विचारा, ‘टाके वायरवर येणार का?’ वायरचा जोडही मानेत नको, कानामागे कवटीवर हवा. मानेत असला तर मान वळवून वळवून वायर तुटू शकते.

आई, तू घाबरू नकोस. फ्रान्समध्ये ग्रेनोब्लला डॉ. बेनाबिद यांनी १९८७ सालीच कंपावर हा उपाय सुरू केला होता.

आणि बाबा, आदल्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन गोटा करून येऊ नका. वस्तऱ्याच्या बारीक जखमांतून जंतू शिरतात. केस काढायचे असले तर हॉस्पिटलवाले मशिनने काढतील.

शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवा. तो वाढलेला असेल तर तारीख पुढे ढकलायला मीच डॉक्टरांना सांगणार आहे, रागावलात तरी.

तुमची,
शुभा