नव्वद हजारांचा कोर्स आणि बाकीचा हिशेब

पुणे, १२ जानेवारी

प्रिय सुलभा,

तू पाठवलेलं ब्यूटी कोर्सचं माहितीपत्रक मिळालं. सहा महिने, फी ९०,०००, आणि ठळक अक्षरांत ‘हमखास नोकरी’. तळाशी बारीक अक्षरांत ‘अधिक जीएसटी’ लिहिलंय ते पाहिलंस का? १८ टक्क्यांनी १६,२०० होतात, म्हणजे फीच झाली १,०६,२००. किट वेगळं, त्याचे १२,००० धर. सरावाचं वॅक्स, पट्ट्या, कलरच्या ट्यूब यांना ५,०००. बसचे रोजचे ६० आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर सहा महिन्यांत ९,३६०. आकडा आला १,३२,५६०.

सगळ्यात मोठी रक्कम मात्र त्या कागदावर नाहीच. साडीच्या दुकानातला तुझा ९,००० पगार सहा महिने बंद, म्हणजे ५४,०००. एकूण १,८६,५६०. नव्वदची दुप्पट होऊन वर थोडे उरले.

आता वसुलीचं बघ. कोर्सनंतर १४,००० मिळाले, तरी त्यातले ९,००० तू आजही मिळवतेसच. कोर्सने दिले ते वरचे ५,०००. त्या चालीने पैसे सुटायला ३८ महिने लागतात. त्यात नव्या मुलीला बहुतेक पार्लरवाल्या आधी हाताखालीच घेतात: केस धुवायचे, टॉवेल वाळत घालायचे, वॅक्स गरम ठेवायचं. तिथे ९-१० हजारच मिळाले तर पहिल्या वर्षी हातात काहीच वाढत नाही, आणि कर्ज काढलं असेल तर हप्ता चुकत नाही. एक लाख, १२ टक्के, दोन वर्षं, म्हणजे महिन्याला ४,७०७. म्हणून ‘हमखास नोकरी’ म्हणजे कोणतं काम आणि किती पगार, हे लेखी माग. तोंडी सगळेच वीस हजार सांगतात.

पगार पुढे वाढतो तो हाताच्या वेगाने. आयब्रोचंच घे. दर ५० असेल आणि एकीला २० मिनिटं लागत असतील तर तासाला १५०. तेच ६ मिनिटांवर आलीस की ५००, अर्थात बाकावर बायका बसलेल्या असल्या तर. हा वेग नोट्स लिहून येत नाही. दोऱ्याचा पीळ भुवईला टेकण्याआधी गिऱ्हाइकाने स्वतःच्या बोटांनी कातडी वर-खाली ताणून धरायची असते. ती सैल राहिली की पिळात केसाबरोबर कातडी सापडते आणि बारीक चीर पडते. हे पंधराव्या-विसाव्या खऱ्या चेहऱ्यावर कळतं, डमीच्या डोक्यावर कधीच नाही.

स्मूदनिंगला, म्हणजे क्रीम लावून केस सरळ करण्याला, तर जास्तच. चार तासांचं काम ४,००० ला गेलं आणि माल १,००० चा लागला, तर तासाला ७५० सुटतात. म्हणून सगळ्या त्याच्यामागे असतात. पण पहिलं क्रीम केसातले बंध सुटे करतं आणि न्यूट्रलायझर ते पुन्हा जोडतो. मधला वेळ चुकला की खेळ संपला. आधीच कलर केलेल्या केसांवर डब्यावरची पूर्ण मिनिटं क्रीम ठेवलं तर केस रबरासारखे ताणतात आणि विंचरताना तुटतात. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून हलकेच ओढून बघायची. ताणून परत आली तर ठीक, लांबून तशीच राहिली तर लगेच धुवायचं. कोर्समध्ये ही बट तुझ्या हातात येणार की बाई करून दाखवणार आणि तुम्ही बाराजणी मोबाइलवर शूटिंग करणार, हे नीट विचार. तसंच कलरचं: त्यात मिसळायच्या डेव्हलपरची ताकद व्हॉल्यूममध्ये मोजतात, २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९. कधी कोणतं घ्यायचं आणि ४८ तास आधी कानामागे थोडा कलर लावून ॲलर्जीची पॅच टेस्ट का करायची, हे न शिकवणारी ॲकॅडमी नको.

आणखी एक वाट आहे. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड असतो, दहावी पासवर, एक वर्षाचा. प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, त्यामुळे प्रवेश सुरू झाले की ऑनलाइन यादीत बघावं लागेल. सरकारी संस्थेत फी खाजगीच्या मानाने किरकोळ. पण वर्षभर दिवसा वर्ग, म्हणजे तुझे १,०८,००० पगाराचे गेले. तेव्हा फुकट तेही नाही. अठराची, घरी बसलेली मुलगी असती तर मी डोळे झाकून आयटीआय म्हटलं असतं. तुझ्यासाठी मला संध्याकाळची बॅच बरी वाटते. वर्षभर चालली तरी चालेल, दुकान सुटत नाही आणि ते ५४,००० वाचतात.

सर्टिफिकेटच्या सोनेरी कडेला भुलू नकोस. आपल्याकडे पार्लर उघडायला ब्युटिशियनचं लायसन्स लागत नाही, कामगार मोजकेच असले तर दुकान कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. आणि ब्रायडलच्या मोठ्या रकमा बारा महिन्यांनी गुणू नकोस. चातुर्मासात मुहूर्त आटतात, पितृपक्षात तर पार्लरमध्ये माश्या मारायच्या.

पैसे भरण्याआधी आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी अकराला, न सांगता ॲकॅडमीत जा. खऱ्या गिऱ्हाइकांवर किती मुलींचे हात चाललेत ते मोज. मागच्या बॅचमधल्या तिघींशी बोल, पण त्यांनी निवडून दिलेल्या नकोत, बाहेर चहाला आलेल्या गाठ. ‘आजच भरलेत तर दहा हजार सूट’ म्हणाले तर पर्स उघडू नकोस. सूट पुढच्या आठवड्यातही असते.

तुझी,
मीना

ता. क. मध्येच सोडलं तर फी परत मिळते का, हे पावतीच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. त्याचा फोटो आधी मला पाठव.