काकू, त्या खोडलेल्या फॉर्मबद्दल

आदरणीय काकू,
सा. न.

लेकीचा कॉलेजप्रवेशाचा शेवटचा अर्ज १ जानेवारीला रात्री गेला. निकाल मार्चअखेर लागतील, काय व्हायचं ते होईल. तुमचे आभार मात्र निकालावर टांगून ठेवायचे नाहीत. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण इथे न्यू जर्सीत आमच्यासारखी चाचपडणारी मराठी घरं खूप आहेत.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. अकरावीचे विषय निवडायचा फॉर्म जेवणाच्या टेबलावर पडला होता. आम्ही दोघं बारावी सायन्सवाले. पीसीएमचे मार्क जमले की इंजिनीअरिंग, एवढंच ठाऊक. म्हणून एपीचे, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे, पाच विषय भरले आणि स्पॅनिशवर काट मारली. दोन वर्षं झाली की, भाषा पुरे!

तुम्ही चहा बाजूला सारलात, पेन्सिल घेतलीत आणि आम्हाला काही न विचारता लेकीला विचारलंत, "रात्री किती वाजता झोपतेस गं?" "एक." मग प्रत्येक विषयापुढे गृहपाठाचे रोजचे तास लिहिलेत. बेरीज सात आली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती इतकी थकलीय हे आई असून मला तोवर दिसलं नव्हतं.

मग शाळेचं प्रोफाइल उघडून दाखवलंत. ट्रान्स्क्रिप्टबरोबर, म्हणजे गुणपत्रकाबरोबर, तेही कॉलेजात जातं. शाळेत एपी विषय किती आणि मुलीने त्यातले कोणते घेतले, हे वाचणाऱ्याला तिथे कळतं. आठ एपी असलेल्या शाळेतल्या मुलाकडे पंचवीस कोणी मागत नाही. हार्वर्ड एकच परदेशी भाषा चार वर्षं शिकायचा सल्ला देतं, हेही तेव्हाच कळलं. इंजिनीअरिंग करायचंय तर कॅल्क्युलस आणि फिजिक्स सोडू नकोस, असं बजावलंत. एपी केमिस्ट्री आणि एपी हिस्टरी खोडून तिथे ऑनर्सचे, म्हणजे एपीपेक्षा जरा हलके, वर्ग आले. स्पॅनिश परत आलं.

बारावीत जरा हलके विषय घेऊ, ही आमची पुढची चूकही तुम्हीच अडवलीत. सहामाही ग्रेडसुद्धा कॉलेजं मागवतात, हे आम्हाला कोण सांगणार होतं?

परवा औषधांच्या दुकानात एका आजींना गोळ्यांच्या वेळा कळेनात. लेकीने पुढे होऊन स्पॅनिशमध्ये समजावल्या, डब्यांवर लिहूनही दिल्या. मी मागे उभी होते, तुमचीच आठवण आली.

धाकट्याचा फॉर्म येत्या फेब्रुवारीत येईल. काकू, पेन्सिल काढून ठेवतेय. चहाला याल ना?

तुमची,
शेजारीण