एका तासिकेत एकच वॉश

देवरुख

प्रिय मित्रा,

बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, करू की कलाशिक्षक पदविका (एटीडी), असं विचारलं आहेस. दोन्ही कर. बीएफए चार वर्षांचं, एटीडी दोन वर्षांची. मुंबईच गाठायला हवी असं नाही. सावर्ड्याला आणि इथे देवरुखलाही कला महाविद्यालयं आहेत. शाळांच्या जाहिरातीत नेमकी कोणती अर्हता मागतात, तेवढं मात्र प्रवेशाआधी बघ.

दोन्ही का, ते सांगतो. स्टुडिओत जमलेलं वर्गात तसंच उतरत नाही. वॉशच घे, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ, सलग थर. स्टुडिओत तू कागद भिजवून गमटेपने (ओली करून चिकटवायच्या कागदी पट्टीने) बोर्डावर ताणणार, बोर्ड किंचित तिरका ठेवून रंग खाली ओढत नेणार आणि सुकेपर्यंत थांबणार. शाळेत तासिका ३५ मिनिटांची, वहीचा कागद पातळ, आणि बाहेर आपला आषाढ. हवेतच ओल, पहिला थर सुकत नाही. मुलं त्यावरच दुसरा रंग लावतात, खालचा उचलला जातो आणि चिखल होतो. यात मुलांच्या हाताचा दोष नसतो रे.

म्हणून पाठ टाचण, म्हणजे तासिकेचा आराखडा, काढताना आधी सुकण्याचा वेळ धर. वाटपाला पाच मिनिटं, प्रात्यक्षिकाला पाच, कामाला अठरा, आवरायला सात. चार मुलांत पाण्याचा एक डबा. एका तासिकेत एकच थर, दुसरा पुढच्या आठवड्यात. पावसात बाकीच्या वर्गांना तेलखडू आणि चिकटकाम दे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांना बसणारी मुलं मात्र थांबू शकत नाहीत. त्यांना ब्रश फडक्याला टिपून, कमी पाण्यात रंगवायची सवय लाव.

वस्तुचित्रात तर हमखास एक चूक होते. कळशीचं तोंड लंबवर्तुळाकार काढतात आणि बूड सरळ रेघेने बंद करतात. बूड टेबलावर सपाट टेकलंय हे माहीत असतं, म्हणून डोळ्यांना दिसणारी गोलाई हात काढतच नाही. त्यांच्या कागदावर तू दुरुस्ती करू नकोस. काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी घे. पाण्याची पातळी मुलाच्या डोळ्यांसमोर धरलीस की पाण्याची नुसती रेघ दिसते. पेला खाली नेत जा, तसं लंबवर्तुळ उघडत जातं आणि बुडाचं तर तोंडापेक्षाही जास्त. हे पाहिल्यावर पेन्सिल आपोआप वळते.

पदविकेत शाळेत जाऊन सराव पाठ घ्यायच्या दिवसांत स्टुडिओ सुटतो, तो सोडू नकोस. तासभर तरी स्वतःच्या कागदावर बस. पुढच्या पाठात काय बिघडणार ते तिथेच कळतं.

कळव,
तुझा मित्र