दीडचा आकडा वहीत लिहून ठेवा

पुणे,
बुधवार

ती. बाबा आणि सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गाठीमुळे तुमची डावी किडनी काढल्यावर दुसरीला इजा होईल की नाही हे आधी कळते का, असे तुम्ही काल फोनवर विचारलेत आणि मी नुसते "काळजी करू नका" म्हटले. पहिल्या डॉक्टरांनी "एका किडनीवर माणूस आरामात जगतो" एवढेच सांगून पुढचा रुग्ण आत बोलावला, तेव्हा मी किती चिडले होते ते आईला आठवत असेल. माझे उत्तरही त्याच जातीचे झाले, म्हणून आज सविस्तर लिहिते.

तुम्ही जन्मभर बँकेच्या खतावण्या जुळवल्यात, तेव्हा हिशेबच मांडते. तुमचे वय ७१ आणि क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी कमी गाळू लागली की तो वाढतो) १.१, यावरून ईजीएफआर, म्हणजे किडन्यांचा गाळण्याचा वेग, ७२ येतो. डीटीपीए स्कॅनप्रमाणे, म्हणजे प्रत्येक किडनी किती काम करते ते दाखवणाऱ्या तपासणीप्रमाणे, त्यात डाव्या किडनीचा वाटा ४५ टक्के आणि उजवीचा ५५. डावी काढली की ७२ पैकी साधारण ४० उरतात; पण उरलेली किडनी जास्तीचे काम अंगावर घेते आणि आपल्या मूळ कामात सुमारे चौथा हिस्सा भर घालते, त्यामुळे काही आठवड्यांनी हा आकडा पन्नाशीच्या जवळ यावा. तेवढ्या गाळणीला क्रिएटिनिन दीडच्या आसपास असते. पहिल्या काही दिवसांत ते दीडच्या वरही जाईल आणि मग उतरत तिथे स्थिरावेल.

हा दीडचा आकडा आताच वहीत लिहून ठेवा, कारण घोळ नेमका इथेच होतो. केडिगो या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ सालच्या व्याख्येप्रमाणे ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढले, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झाले, तर त्याला किडनीची तीव्र इजा म्हणतात. दोन्ही किडन्या जागेवर असलेल्या माणसाला जी व्याख्या, तीच एक किडनी काढलेल्यालाही लागते. तुमची अपेक्षित वाढच ०.४ ची आहे. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी कागदावर "इजा" उमटू शकते. त्या शब्दाने घाबरू नका, पण क्रिएटिनिन दोनकडे चढतच राहिले तर "किडनी काढल्यावर असे होतेच" या उत्तरावरही थांबू नका.

आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. गाठ खूप मोठी असली की बऱ्याचदा ती किडनी आधीच निकामी होत आलेली असते आणि दुसरीने तिचे काम उचललेले असते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरचा धक्का कमी बसतो. तुमची गाठ लहान, पण नेमकी रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी आहे, म्हणून चांगली चालणारी किडनीही तिच्यासोबत जाणार. वय, पुरुष असणे आणि रक्तदाब हे धोकेही तुमच्या खात्यावर आहेत, पहिल्या दोघांना इलाज नाही. मधुमेह नाही, आणि लघवीत प्रथिने जात नाहीत, हे मात्र जमेच्या बाजूला धरा.

आपल्या हातातले एकच: गुडघ्याच्या वेदनाशामक गोळ्या. त्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, तेव्हा आजपासून बंद. (देवघरातल्या डबीत ठेवलेल्याही, बाबा.) रक्तदाबाची टेल्मिसार्टन मात्र स्वतःहून थांबवू नका, ती कोणत्या दिवसापासून बंद ठेवायची हे भूलतज्ज्ञ सांगतील. शस्त्रक्रियेत रक्तदाब फार खाली जाऊ न देणे हे त्यांचेच काम आहे, आणि उजव्या किडनीचे बरेचसे भवितव्य त्या दोन-तीन तासांत ठरते.

आई, तुझ्याकडे एक काम. क्रिएटिनिन एक-दोन दिवस मागून बोलते, लघवी आधी बोलते. बाबांचे वजन ६० किलो, म्हणजे ताशी निदान ३० मिलिलीटर लघवी हवी. दर तासाला सिस्टर पिशवीवरचा आकडा वाचतील, तो तू दुधाच्या हिशेबाच्या वहीत वेळेसह लिही. सहा तासांची बेरीज १८० च्या खाली दिसली, तर राउंडची वाट न पाहता लगेच सांग.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते. डीटीपीएचा मूळ रिपोर्ट एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात आहे, तो फाइलमध्ये वर काढून ठेवा. सर्जनना मला हाच दीडचा हिशेब दाखवून तो बरोबर आहे का, हे विचारायचे आहे.

तुमची,
धाकटी